पोळपाटाएवढी कोरडी जागा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही — आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. मंदाला, म्हणजे बायकोला, मी एरवी काहीही सांगतो, पोट साफ झालं नाही हेसुद्धा. पण हे नाही. आत्ता तुम्हाला सांगायला बसलोय तर सारखा उठतोय. मघाशी चहा करून घेतला. मग गॅस बंद केलाय का ते बघून आलो. बंदच होता.

तर मी क्युरेटर होतो. दिल्लीत असं सांगितलं की लोक विचारतात, कौन से म्यूझियम में? मग सांगावं लागतं की बाबा, क्रिकेटचा. पिच करणारा. मूळचा मी परभणीकडचा, शेतकी शिकलेला, माती हा माझा विषय. सरकारी नोकरीत दिल्लीला आलो, फरीदाबादला घर केलं, आणि एका मैदानाच्या लोकांनी एकदा सल्ला विचारला तो असा विचारला की मी तिथलाच होऊन गेलो. आंतरराष्ट्रीय सामने होतात असं मैदान. नाव सांगत नाही. मैदानाचा काही दोष नाही.

तुम्ही पिचला कधी हात लावलाय? टीव्हीवर बघणं वेगळं. जवळ जाऊन, गुडघ्यांवर बसून, तळहात टेकवून बघा कधी. आमची पिचची माती काळी, बाहेरून आणलेली, कारण यमुनेकाठची माती भुसभुशीत, तिला धरून ठेवणं माहीत नाही. काळी माती धरून ठेवते. पाणी प्यायली की फुगते, सुकली की आक्रसते, आणि आक्रसताना तिला भेगा पडतात — कुठे पडणार, किती पडणार, हे तिचं ती ठरवते. इतकी वर्षं काम केलं, पण रोज सकाळी आच्छादन काढलं की माझा श्वास जरा अडकायचाच. काल झोपताना होती तशी ती आज नसायची. बावीस यार्डांची एक पट्टी, लांबून बघाल तर वाळत घातलेली सतरंजी. आणि तिच्यावर पडून चेंडू कुठे जाणार यासाठी अख्खं स्टेडियम गप्प होतं. एवढी माणसं एकदम गप्प झालेली तुम्ही ऐकली आहेत? मला अजून काटा येतो.

या मातीला एक अवस्था असते, वाफसा. ना ओली, ना कोरडी. मुठीत दाबली तर लाडू वळतो, आणि टाकली तर फुटतो. माझी मुलगी इथेच वाढली, तिला वाफसा समजावताना मला हिंदीत शब्द सापडेना, इंग्रजीत तर नाहीच. शेवटी ती म्हणाली, "बाबा, मतलब परफेक्ट टायमिंग ना?" म्हटलं, हो, तसंच समज. रोलर फिरवायचा तो वाफशावर. आधी फिरवलात तर चिखल, उशिरा फिरवलात तर धूळ. त्या मधल्या वेळेवर सामना पाच दिवस चालणार की तीन, हे ठरतं. आणि ती वेळ मी ठरवायचो. विचार करा, मी! ज्याच्या घरी फ्रिज कुठल्या भिंतीला लावायचा हेही बायको ठरवते.

होम ॲडव्हान्टेज, होम ॲडव्हान्टेज म्हणतात ना — लोकांना वाटतं प्रेक्षकांचा आरडाओरडा, हवा, जेवण. ते आहेच. पण खरं सांगू? लाइट गेली की आपण आपल्या घरात धडपडत नाही. पाहुणा मात्र टीपॉयवर नडगी आपटून घेतो. एवढंच आहे ते. आणि मी तो माणूस, जो लाइट जायच्या आधी टीपॉय जरासा सरकवून ठेवतो.

यात गुन्हा काही नाही हो. तिकडे आपले लोक गेले की तेही पिचवर हिरवंगार गवत ठेवतात, आणि आपले फलंदाज सकाळच्या सत्रात नाचतात. आपण इथे कोरडं ठेवतो, मग ते नाचतात. सगळ्या जगाला ठाऊक आहे. फक्त बोलायचं नसतं. आमच्या धंद्यात हुकूम कुणीच देत नाही — ही एक गंमत आहे. कुणी म्हणत नाही की असं कर. कुणीतरी संध्याकाळी चक्कर मारत येतं, मौसमाची चौकशी करतं, मंदाच्या गुडघ्याची करतं, आणि जाता जाता तुम्हाला एक बातमी देऊन जातं. मी सांगतोय त्या कसोटीच्या आधीही आपल्या संघाच्या व्यवस्थेतला एक माणूस आला. पिचच्या कडेला उभा राहिला. म्हणाला, "सरजी, उनके ऊपर के चार में से तीन लेफ्टी हैं। आपको तो पता ही होगा।" बस. म्हटलं, "हां जी, पता है।" आणि तो गेला.

आपल्या वरच्या फळीत सगळे उजव्या हाताने खेळणारे होते, आणि आपल्याकडे एक फार मोठा ऑफ-स्पिनर होता. ऑफ-स्पिनरचा चेंडू डावखुऱ्यापासून बाहेर वळतो. तो जर डावखुऱ्याच्या ऑफ स्टंपजवळ कोरड्या, भुसभुशीत जागी पडला तर कधी हातभर वळतो, कधी सरळ घुसतो, कधी उसळतो. चेंडू टाकणाऱ्यालाही माहीत नसतं. उजवा फलंदाज त्या जागेशी बोलतही नाही, कारण ती त्याच्या पायांमागे पडते. म्हणजे पिच एकच, पण एकाला ते अंगण आणि दुसऱ्याला उकिरडा. आहे की नाही नवल? मला होतं. मी त्या नवलातच गेलो.

मी काय केलं ते सांगतो.

पिचला पाणी मी स्वतः घालायचो, रबरी नळीने, नळीच्या तोंडावर अंगठा धरून. अंगठा दाबला की पाणी पसरतं, सोडला की एका जागी पडतं. सामन्याच्या आदल्या आठवड्यात मी माळ्यांना चहाला पाठवायचो आणि एकटाच पाणी घालायचो. मध्यभागी भरपूर. पण दोन्ही टोकांना, डावखुऱ्याच्या ऑफ स्टंपच्या जरा बाहेर, एक जागा — पोळपाटाएवढी — तिथे आलं की माझा अंगठा वळायचा. मग बाकी सगळ्या पिचवर ओलं गोणपाट, आणि त्या दोन जागा दुपारच्या उन्हाला उघड्या. रोलर फिरवताना तिथून एक वीत अलीकडे वळवायचा. आणि शेवटी रंग जुळवायचा, कारण कोरडी माती फिकी दिसते आणि कॅमेरे आता फार चहाटळ झालेत. कापलेल्या गवताचा भुगा सगळीकडे सारखा पसरून वरून हलका रोलर दिला. झालं. दहा पावलांवरून मलासुद्धा जागा दिसेना. मी पुन्हा पुन्हा लांब जाऊन बघत होतो, रांगोळी काढून झालेल्या बाईसारखा.

पण हा तो दोष नाही. म्हणजे हाही आहे — पण यासाठी मी गॅस बघायला उठलो नसतो.

आमच्या सेक्टरमध्ये, दोन गल्ल्या सोडून, साळवे राहतात. अहमदनगरकडचे मराठी ख्रिस्ती. साळवे इथल्या कारखान्यात लागले तेव्हापासून आमचं येणंजाणं. आमच्याकडचा दिवाळीचा फराळ त्यांच्याकडे, आणि नाताळात त्यांच्या करंज्या आमच्याकडे, स्टीलच्या डब्यातून. डबा रिकामा परत द्यायचा नाही म्हणून मंदा त्यात काहीतरी घालते, मग तो पुन्हा येतो, असा तो डबा वर्षानुवर्षं फिरतोय. त्यांचा मुलगा अभय. डावखुरा. मला काका म्हणतो.

अभय खेळायचा कसा, ते कसं सांगू? मी काही समीक्षक नाही. पण स्थानिक सामन्यांत मी रोलरच्या सीटवर बसून त्याला बघायचो. चेंडू त्याच्याकडे येताना जणू वेग कमी करायचा. घाई नावाची गोष्ट त्या पोराच्या अंगात नव्हती. कव्हरमधून मारायचा तेव्हा आवाज व्हायचा तो — लाकडाचा, भरीव, दार नीट लागल्यावर होतो तसा. मी मातीचा माणूस, फलंदाजांचं मला विशेष नाही. पण त्याला बघताना माझा चहा गार व्हायचा, आणि मला त्याचं काही वाटायचं नाही.

त्या मालिकेत तो पंधरांत निवडला गेला. राखीव म्हणून. साळव्यांनी आम्हाला कोपर्निकस मार्गावर, आपल्या महाराष्ट्राच्या जुन्या गेस्ट हाउसच्या कँटीनमध्ये नेऊन जेवू घातलं, कारण त्यांच्या मते आनंदाच्या प्रसंगी छोले-भटुरे खाणं बरोबर नाही. मिसळ खाल्ली आम्ही. इतकी काही चांगली नव्हती. साळवे वहिनी खाताना मधेच थांबायच्या आणि नुसत्या अभयकडे बघायच्या. मीही बघत होतो. आमच्या फरीदाबादच्या धुळीतून हे निघालं, याचं मला खरंच अप्रूप वाटत होतं.

आता तुम्ही म्हणाल, राखीवच होता ना? हो, म्हणूनच मी निर्धास्त होतो. अंगठा वळवताना अभय मनात आलाच नाही असं म्हणणार नाही. आला. पण तो बाहेरच बसणार होता.

सामन्याच्या आदल्या दिवशी सरावात आपल्या एका फलंदाजाचं बोट मोडलं. दुपारपर्यंत कळलं की अभय खेळणार.

त्या वेळी पिच बदलणं माझ्या हातात उरलं नव्हतं. आदल्या दिवशी त्या जागांवर पाणी घातलं असतं तर ती माती फुगून अजून वाईट झाली असती. ते खरं आहे, त्यात मी काही लपवत नाही. माझ्या हातात होतं ते एक वाक्य. तेवढंच.

आणि तो ते मागायला आला, स्वतःहून. आमच्याकडे रीत आहे, सामन्याच्या आदल्या संध्याकाळी खेळाडू येऊन पिच बघतात, अंगठ्याने दाबतात, आणि क्युरेटरला विचारतात. क्युरेटरनेही एकच उत्तर द्यायचं असतं, घरच्यालाही आणि पाहुण्यालाही — अच्छी विकेट है. अभय येऊन माझ्या शेजारी उकिडवा बसला. नवा ट्रॅकसूट, घडीची रेघही न मोडलेला. आजूबाजूला बाकीचे होते, पण त्याने मराठीत विचारलं, म्हणजे तिथे कुणालाच कळलं नसतं. "काका, कसं आहे?"

किती सोपं होतं! ऑफ स्टंपच्या बाहेर एक जागा आहे, तिथे चेंडू पडला की थांबू नकोस, पाय पार पुढे टाक. एवढंच सांगायचं होतं. पाणी मागितलं तर पाणी देतो ना आपण?

मी म्हणालो, "चांगलं आहे रे. बिनधास्त खेळ."

आणि तो हसला. त्याने पिचवर हातसुद्धा टेकवला नाही. उठला, मला वाकून नमस्कार केला — तिथे, सगळ्यांसमोर — आणि गेला.

का? किती वर्षं मी स्वतःला याची उत्तरं देतोय. बाजूला बाकीचे होते म्हणून — पण त्यांना मराठी कुठे येत होतं? एकाला सांगितलं की सगळ्यांना सांगावं लागतं म्हणून, धंद्याची नीतिमत्ता म्हणून — वा रे वा, त्या जागा उघड्या ठेवताना कुठे होती नीतिमत्ता? तो घाबरेल म्हणून — हे बरं वाटतं ऐकायला. मी हे उत्तर बरीच वर्षं वापरलं. यातलं एकही खरं नाही.

खरं सांगतो. मला बघायचं होतं.

मी ती जागा केली होती. माझ्या अंगठ्याने, माझ्या हिशेबाने, ऊन मोजून, वारा बघून. ती काम करते का, हे मला बघायचं होतं. आणि ज्याला आधी सांगून ठेवलंय अशा माणसावर ती चालली काय आणि नाही काय, त्याला अर्थ नव्हता. परीक्षा निर्मळ हवी होती. आता हे सांगताना मी पुन्हा एकदा गॅस बघून आलो. पण तसंच होतं. साळव्यांच्या मुलापेक्षा मला त्या क्षणी माती जास्त जवळची होती.

नाणेफेक आपण जिंकली, आपली फलंदाजी आधी. सकाळ धुक्याची होती, मग ऊन वर आलं. साळवे वहिनी आणि मंदा वर स्टँडमध्ये, मीच पास काढून दिले होते. साळव्यांना बसवेना. ते खाली आमच्या सामानाच्या शेडपाशी, सीमारेषेजवळ, माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. हातात रुमाल. जेवणानंतर आपली एक विकेट पडली आणि अभय पायऱ्या उतरून आला. टाळ्या पडल्या, मग तो आवाज विरत गेला, आणि ते मोठं गप्प होणं झालं. साळवे म्हणाले, "अगदी सावकाश चालतोय ना?" म्हटलं, हो, त्याची सवयच आहे.

मी आपल्या ऑफ-स्पिनरसाठी जागा केली होती. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. पाहुण्यांकडेही एक ऑफ-स्पिनर होता, हे मी विसरलो नव्हतो, पण मोजलं नव्हतं. साधा गोलंदाज. नवा, जरा घाबरलेला. त्याच्याकडे चेंडू दिला गेला. पहिले काही अभयने सहज खेळून काढले. मग त्या पोराने एक चेंडू टाकला. काही विशेष नव्हतं त्यात — ना उंची, ना वळण, ना चकवा. आमच्या सेक्टरमधल्या पार्कातही पडतात तसले. आणि तो जाऊन पडला त्या पोळपाटाच्या बरोबर मधोमध.

मी ते लांबून पाहिलं, पण मला ते जवळून दिसलं, कसं ते ठाऊक नाही. मातीचा एक बारीकसा धूर उठला. चेंडू क्षणभर मातीत रुतल्यासारखा झाला, मग उसळला, आणि हातभर बाहेर वळला. अभयचा पाय होता तिथेच होता — का नसेल? त्याला सांगितलं होतं ना, चांगलं आहे, बिनधास्त खेळ. बॅटची कड. स्लिपमध्ये झेल.

आणि माझ्या तोंडातून निघालं, "वाः."

मोठ्याने नाही. पण निघालं. आतून, बेंबीच्या देठापासून, भीमसेनी तान ऐकल्यावर नकळत निघतं तसं. स्टेडियम अवाक झालं होतं आणि त्या शांततेत एक माणूस वाः म्हणाला. आनंद झाला होता मला, तो शब्द फिरवत नाही. काय ती माती! काय तिचं ऐकणं! मी जे सांगितलं ते तिने तसंच्या तसं, वेळेवर केलं होतं. अभय परत वळला तोवर मी त्याच्याकडे पाहिलंही नव्हतं. मी त्या धुराकडे बघत होतो.

साळवे माझ्याकडे बघत होते.

पुढचं भराभरा सांगतो. पाहुण्यांची फलंदाजी आली तेव्हा त्यांचे दोन डावखुरे त्याच जागेत गेले, ठरल्याप्रमाणे. तिसरा मात्र त्यांचा जुना खेळाडू, कपाळावर केस उरलेले नाहीत असा. तो आला, आणि गार्ड घ्यायच्या आधी पिचवर चालत गेला. वाकला. सगळ्या पिचवरून तळहात फिरवला आणि त्या जागेवर आला तसा थांबला. भुगा बोटाने बाजूला केला. मग मान वर करून आमच्या शेडच्या दिशेने पाहिलं आणि हसला. रागाने नाही, हं — एका कारागिराने दुसऱ्याकडे बघून हसावं तसं. आणि तो दिवसभर खेळला. पाय पार पुढे टाकून, चेंडू उठायच्या आत त्याला दाबून. शतक काढलं त्याने. मी आयुष्यात त्याहून सुंदर काही पाहिलेलं नाही, आणि तो माझा पराभव होता. म्हणजे त्या जागेवर खेळता येत होतं. माहीत असेल तर खेळता येत होतं. त्याने मातीला विचारलं होतं. अभयने मला विचारलं.

दुसऱ्या डावात अभयला जागा माहीत होती, पण आता तिची धास्ती होती. तिच्यापासून लांब राहायला गेला आणि सरळ चेंडूवर पायचीत झाला. आपण सामना जिंकलो. पिचचं कौतुक झालं — जुन्या खेळाडूचं शतक झालं म्हणजे पिच चांगलंच असणार, असं सगळे म्हणाले. तो संघाच्या व्यवस्थेतला माणूस आला, मौसमाची चौकशी केली, आणि मिठाईचा डबा देऊन गेला. मोडलेलं बोट पुढच्या सामन्यापर्यंत बरं झालं. अभयला पुन्हा बोलावणं आलं नाही. टीव्हीवरच्या मंडळींनी त्याच्यावर शिक्का मारला होता, ऑफ-स्पिनपुढे याचे पाय हलत नाहीत. आणि त्याला ते पटलं! हीच तर गोष्ट आहे. त्याने उभं राहण्याची पद्धत बदलली, बॅट धरण्याची बदलली, रोज तासन् तास पाय हलवत बसला. तो आवाज गेला, दार लागल्यासारखा. दोन-तीन हंगामांत राज्याच्या संघातूनही गेला. कुंपणाने शेत खाल्लं, आणि शेत म्हणत राहिलं, माझ्यातच काही उणं असेल.

या सगळ्या काळात मी मिठाची गुळणी धरून बसलो. त्याच्या घरी जात होतो, त्याचं ऐकत होतो. "काका, माझा पाय का नाही गेला त्या दिवशी?" असं त्याने एकदा मला जिन्यात विचारलं. मी म्हणालो, होतं असं कधीकधी.

आता तो कालव्यापलीकडे, नहरपारला, मुलांची अकादमी चालवतो. तिथली पिचेस मी करून देतो. त्याला प्रायश्चित्त वगैरे समजू नका, रिकामपणाचं काम आहे, आणि हात अजून चालतात. गेल्या थंडीत मी तिथे नळी धरून उभा होतो. दोन मुलं आउट झाल्यावर पिचला नावं ठेवत होती. अभयने त्यांना जवळ बोलावलं. शांतपणे म्हणाला, "पिच को दोष कभी मत देना। मुझे एक मौका मिला था। विकेट अच्छी थी, मैं अच्छा नहीं था।" मग माझ्याकडे हात केला. "ये खड़े हैं ना, इन्होंने ही बनाई थी। पूछ लो।"

मुलं माझ्याकडे बघायला लागली. मी मान हलवली. हो म्हणून.

त्यानंतर आठवड्याने नाताळ आला. आम्ही साळव्यांकडे गेलो. वहिनी आता थकल्यात, तरी करंज्या घरीच करतात. त्यांच्या भाच्याने मोबाइलवर कुठूनतरी तो जुना झेल शोधून काढला आणि हातोहात फिरवला. अभयनेही पाहिला, हसला, दुसऱ्याला दिला. साळव्यांनी चष्मा लावून पाहिला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "चांगला बॉल होता, नाही?"

हे वाक्य त्यांनी त्या दिवशीही म्हटलं होतं. शेडपाशी. माझ्या तोंडून ते वाः निघाल्यावर, माझ्याकडे बघत. रुमाल मुठीत आवळलेला. त्यांनी ऐकलं होतं, मला पक्कं माहीत आहे, ते हातभर अंतरावर उभे होते. मुलगा अजून पायऱ्याही चढला नव्हता, आणि त्याच्या बापाने माझ्या वाः ला कारण शोधून दिलं. मला काही बोलावं लागू नये म्हणून. एवढं मोठं मन मी माणसात पाहिलेलं नाही. तेव्हाही मी ते कारण उचललं आणि म्हणालो, हो, चांगला बॉल होता. गेल्या नाताळातही तेच म्हणालो. आणि डबा घेऊन घरी आलो.

चांगला नव्हता तो बॉल, साळवे. साधा होता. जागा माझी होती.